लाइन दोनवर कोण बसलंय

सुकदेव देवरे यांच्या घरात कोण येतं आणि कोण जातं, याचा खुद्द सुकदेवांना पत्ता नसतो, ही गोष्ट जळगावात वास्तुशांतीच्या दिवशीच जगजाहीर झाली. त्या दिवशी त्यांचे मेहुणे भाईदास धुळ्याहून आले आणि ओसरीतल्या खुर्चीवर बसले. सुकदेव त्यांच्या पुढून कम्प्युटरचं मासिक वाचत गेले, वाचतच परत आले, आणि एकदा तर त्यांच्या गुडघ्याला अडखळून "सॉरी" म्हणून पुढे गेले. 'या' नाही, 'बसा' नाही, पाण्याचा पेला नाही. पंगत उठली तरी भाईदास तिथेच. शेवटी ते उठले, चपला घातल्या आणि फाटकातून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, "या घरनी पायरी मी पुन्हा चढनार नही!"

आणि चढले नाहीत. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरून मुऱ्हाळी येतो. भावानं यायचं आणि बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं. गल्लीतल्या सगळ्या बायका झोके बांधायला माहेरी जात, आणि सुकदेवांच्या पत्नी सुनंदाबाई दर आखाजीला खिडकीत उभ्या राहून दुसऱ्यांचे भाऊ बघत. नवऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. फक्त घरी कुणी येऊन गेलं की विचारत, "आत्ता कोण आलं होतं, सांगता येईल?" सुकदेवांना सांगता येत नसे. एका सरकारी कचेरीत ते सांख्यिकी सहायक होते. जिल्ह्यात गुरं किती आणि विहिरी किती हे त्यांना तोंडपाठ, पण ओसरीत माणसं किती याचा आकडा कधी जुळला नाही.

अशा माणसानं पंच्याण्णव साली बुलेटिन बोर्ड काढावा, याला दैवाची थट्टाच म्हटलं पाहिजे. देवळाबाहेर फळा असतो ना, तसाच हा फळा, पण कम्प्युटरच्या पोटात. ज्याच्याकडे कम्प्युटर आणि मोडेम असेल त्यानं घरून सुकदेवांच्या घरी फोन लावायचा. दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळून घेत, आणि मग पलीकडचा माणूस फळा वाचू शके, त्यावर लिहू शके. सुकदेवांच्या फळ्याचं नाव 'केळीबाग'. त्यात केळीचे भाव, गाड्यांच्या वेळा, लग्नाची स्थळं आणि सुनंदाबाईंनी हट्टानं मागून घेतलेला 'चूल' हा विभाग. सभासद दोन जिल्हे मिळून एका जीपमध्ये मावतील इतके.

फोन मात्र तीन होते. सुकदेवांच्या वडिलांनी फोनसाठी अर्ज केला होता आणि तो येत नाही असं बघून सुकदेवांनीही वेगळा केला होता. दोन्ही अर्ज एकाच वर्षी पावले. तोवर वडील वारले होते, पण सरकारनं दिलेलं परत कोण करतं? तिसरा फोन शेजारच्या जीवरामभाऊंचा. जीवरामभाऊ एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर. त्यांना फोन करणारं कुणी नव्हतं आणि ज्यांना ते करत ते उचलत नसत. दुपारच्या वेळी त्यांचा फोन 'लाइन दोन' म्हणून चाले. तार त्यांच्या खिडकीतून निघे आणि शेवग्याच्या झाडावरून सुकदेवांच्या खिडकीत येई. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

तीन लाइनी, तीन जुने कम्प्युटर, आणि कोणत्या लाइनीवर कोण आलंय हे कळायला मार्ग नाही. मोडेमचे दिवे लुकलुकत, सुकदेव जेवत असत, आणि सुनंदाबाई विचारत, "आत्ता कोण आलंय, सांगता येईल?"

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. रजा टाकून त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तिन्ही कम्प्युटरांनी आपापल्याकडे कोण आलंय आणि तो काय करतोय हे एका जागी लिहून ठेवायचं, आणि प्रोग्रामनं ते वाचून पडद्यावर दाखवायचं, एवढंच. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. नाव ठेवलं 'कोण बसलंय'.

पहिल्यांदा तो चालवला तेव्हा घरातली सगळी मंडळी आणि जीवरामभाऊ मागे उभे होते. पडदा काळा. मग एक ओळ उजळली: लाइन एक, डॉक्टर, पहूर, केळीचे भाव वाचत आहेत.

 डॉक्टर पहूरला आपल्या दवाखान्यात बसले होते, हे सगळ्यांना कळत होतं. आणि डॉक्टर इथे, या खोलीत, टेबलाशी बसून भाव वाचत होते, हेही तितकंच दिसत होतं. मग दुसरी ओळ आली: लाइन तीन, हिलाल सर, मुक्ताईनगर, गाड्यांच्या वेळा वाचत आहेत. सुकदेव पडद्याजवळ सरकले. प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता, त्यातलं अक्षरन् अक्षर त्यांचं होतं, तरी आपण केलं ते हेच का, असं त्यांना वाटून गेलं. जीवरामभाऊंनी नकळत टोपी काढून हातात घेतली.

सुकदेवांच्या आई यशोदाबाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. "दोन मानसे उनात," त्या म्हणाल्या, "आनि दारमा एक बी चप्पल नही!"

"आई, ती माणसं आपापल्या घरीच आहेत."

"मंग आठे कोन बठेल शे?"

 यशोदाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या आत जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या आणि कीबोर्डच्या शेजारी ठेवल्या. घरात माणूस बसलंय आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, या पापापायी घरात आधीच एक माहेर तुटलं होतं. चहा शेवटी जीवरामभाऊंनी प्यायला, कारण दूध फुकट जाणं हेही पापच.

आईच्या समाधानासाठी सुकदेवांनी प्रोग्राममध्ये भर घातली. कुणी आलं की त्याच्या पडद्यावर आपोआप उमटे, 'या, बसा, पाणी घ्या.' मग जीवरामभाऊंची सूचना आली की कोण कुठे बसलंय हे सगळ्या सभासदांनाही दिसायला हवं. स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली हे फक्त कंट्रोलरला कळून काय उपयोग? सुकदेवांना पटलं. शेजाऱ्याचा सल्ला न पटणं परवडण्यासारखं नव्हतं, कारण लाइन दोन त्याची होती.

दुसऱ्याच दिवशी सगळ्या सभासदांना दिसलं: लाइन एक, भिकनराव, नरडाणा, स्थळं वाचत आहेत. भिकनराव कारखान्यात इंजिनिअर. बायको गेल्यापासून 'आता पुन्हा संसार नाही' असं ते दोन जिल्ह्यांना सांगत आले होते. संध्याकाळपर्यंत पहूरच्या डॉक्टरांनी फळ्यावर त्यांचं अभिनंदन लिहिलं आणि हिलाल सरांनी आपल्या चुलत मेहुणीचं वय कळवलं. भिकनरावांनी फोनवर सुकदेवांना जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, त्यांनी मेहुणी कुठवर शिकलीय हे विचारलं.

नंतर पहूरचे डॉक्टर उठेनात. फोन मध्येच तुटला, तर 'कोण बसलंय'ला ते कळत नसे. माणूस गेला तरी ओळ तशीच. डॉक्टर सकाळी भाव वाचत होते, दुपारी वाचत होते, दिवेलागणीलाही वाचतच होते.

"हाऊ डॉक्टर घर कवय जाई?" यशोदाबाईंना घोर लागला. "त्याना दवाखानामा लोके बठेल व्हतीन."

सुकदेवांनी ती चूक लाइन एकच्या कम्प्युटरवर दुरुस्त केली आणि डॉक्टर एकदाचे घरी गेले. बाकीच्या दोन कम्प्युटरांवर उद्या करू असं त्यांनी ठरवलं. या 'उद्या'चा पुढे संबंध येणार आहे.

एवढ्यात शेवग्याची फांदी मोडली. तार गल्लीत लोंबली, आणि टेलिफोन खात्यातले एक साहेब दारात उभे राहिले. एका घरात तीन फोन कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तीन फोन एकाच धंद्याला लागतात आणि तो मटक्याच्या आकड्यांचा असतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण कपाटामागे वाकून बघितलं. सुकदेवांनी पडदा दाखवला. तेवढ्यात ओळ उजळली: हिलाल सर आले होते. साहेबांचा हात डोक्याकडे गेला. "म्हणजे हे गृहस्थ मुक्ताईनगरला आहेत," ते हळू म्हणाले, "आणि इथे पण." त्यांनी डोक्यावरचा हात खाली घ्यायला बराच वेळ लावला. चहा घेतला, तार रीतसर अर्ज करून खांबावरून न्यायला सांगितलं, आणि जाताना म्हणाले, "आमचं लक्ष असेल बरं का."

साहेब कौतुकानं म्हणाले की कायद्यानं, याचा सुकदेवांना उलगडा होईना. अर्ज गेला, तोवर तार दुसऱ्या फांदीवर टाकली, आणि त्याच आठवड्यात लाइन दोनवर एक नवा माणूस आला. टोपणनावानं येण्याची सोय होती. यानं नाव दिलं 'पांझरा'. ओळ उजळली: लाइन दोन, पांझरा, काहीच करत नाहीत.

खरंच काही करत नव्हता. रोज दुपारी यायचा, भाव नाही, गाड्या नाहीत, एक अक्षर लिहायचा नाही. नुसता बसायचा आणि जायचा. सुकदेवांची खात्री पटली की खात्यानं नजर ठेवायला माणूस बसवला. पांझरा आला की ते शर्टाची गुंडी लावून पडद्यासमोर बसत. 'सर्व काही नियमात आहे, साहेब' असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. जीवरामभाऊंनी सुचवलं की साहेबाला केळीचा घड धाडावा. तो धाडला. टेलिफोनचे साहेब गोंधळून आभार मानायला आले, आणि नेमके त्याच वेळी पांझरा लाइनीवर बसलेले होते.

"तो मनुष्य साहेबांचा नाही," साहेब गेल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या. त्या पडद्याजवळ आल्या होत्या. एरवी त्या तिकडे फिरकत नसत. 'चूल'मधलं त्या कागदावर लिहीत आणि सुकदेव ते टाइप करत. "आत्ता बघा, काय दिसतंय?"

लाइन दोन, पांझरा, 'चूल' वाचत आहेत.

"कालही तेच होतं. परवाही. बाकी वेळ नुसतं बसणं. धुळ्याची नदी कोणती हो?"

धुळ्याची नदी पांझरा, हे सुकदेवांना शाळेपासून पाठ होतं.  भाईदासांची धुळ्यात चौथ्या गल्लीत टायपिंगची संस्था होती आणि अलीकडे त्यांनी दोन कम्प्युटर मांडल्याचं कानावर आलं होतं. पण भाईदास म्हणजे एस.टी.डी.वर 'हॅलो' सुद्धा अर्धं म्हणणारा माणूस. तो रोज दुपारी धुळ्याहून जळगावला फोन लावून गप्प बसेल?

"विचारू का त्याला?" सुकदेव म्हणाले.

"विचारलं तर उठून जाईल. रुसलेल्याला विचारायचं नसतं." सुनंदाबाईंनी कागद घेतला. "हे टाका."

आखाजी जवळ आली होती. त्यांनी लिहिलं होतं खापरावरच्या पुरणपोळीविषयी. पीठ कसं चाळावं, पुरण किती शिजवावं, सगळं चोख. आणि शेवटी एक ओळ: 'कणीक दुधात भिजवावी. आमची माय अशीच भिजवायची.' यशोदाबाईंनी ते ऐकलं आणि "कनिक दूधमा?" म्हणून कानांवर हात ठेवले. सुकदेवांनी निमूट टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर पडद्यापुढे जमलं. जीवरामभाऊही आले आणि मग कसलीशी आठवण झाल्यासारखे आपल्या घरी गेले. ओळ उजळली. पांझरा आले. बसले. 'चूल' वाचू लागले.  मग खालच्या बाजूला, थेट सुकदेवांसाठी, निरोप उमटला. मराठी नव्हे, अस्सल धुळ्याची अहिराणी:

'माय कधीच दूध टाके नही. पानीच टाके. खोटं नका लिखू.'

सुनंदाबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही त्यांनी पदरात कोंबलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'भाऊ?'

ओळ बदलली: लाइन दोन, पांझरा, लिहीत आहेत.

'लिहीत आहेत' हे दाखवायची करामत सुकदेवांनी हौसेखातर घातली होती. आज त्या दोन शब्दांवरून त्यांची नजर हटेना. साठ मैलांवर एक रागीट माणूस शब्द जुळवतोय, आणि तो जुळवतोय हे इथे दिसतंय. त्याचे शब्द पोचण्याआधी त्याचं मन पोचलंय. असं माणसाला कधी दिसलं होतं का? समोर बसलेल्या भाईदासला जे बघू शकले नाहीत, ते धुळ्यातल्या भाईदासला बघत होते. यशोदाबाईंनी हात जोडले. लिहीत आहेत. लिहीत आहेत. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी लिहीतच होते.

"भाऊ एवढं लिहिणारा नाही," सुनंदाबाई शेवटी म्हणाल्या.

तेवढ्यात जीवरामभाऊ आले. "काय म्हणाला मेहुणा? मी म्हटलं, आपल्या फोनवरून जातंय तर दोन शब्द आपणही ऐकावे. रिसीव्हर उचलला, तर नुसतं रेडिएटर फुटल्यासारखं चरचर. मग गप्पच झालं. ठेवून दिला मी."

लाइन दोन केव्हाच तुटली होती. 'उद्या' करायची दुरुस्ती राहिली होती, म्हणून पडदा गेलेल्या माणसाला लिहिता ठेवून बसला होता. आणि तिकडे धुळ्यात भाईदासला काय कळलं असेल? बहिणीनं 'भाऊ' म्हटलं, त्यानं उत्तर लिहायला घेतलं, आणि या घरानं त्याच्या तोंडावर फोन आपटला. पुन्हा एकदा, ओसरीतल्यासारखंच.

पांझरा दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. जीवरामभाऊंनी आपल्या फोनच्या डायलला कुलूप घातलं आणि किल्ली सुकदेवांच्या हातात ठेवली. डायलच्या कुलपानं रिसीव्हर उचलणं थांबत नाही, पण माणसाची शरम कुठेतरी दिसावी लागते.  सुनंदाबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारायचा सोडला, आणि सुकदेवांना तेच सर्वांत जास्त लागलं.

जावयानं बोलावल्याशिवाय सासरी जायचं नसतं. तरी सुकदेव धुळ्याच्या गाडीत बसले. पारोळ्यापर्यंत त्यांना स्वाभिमानाचा त्रास झाला. पुढे झोप लागली.

चौथ्या गल्लीतल्या त्या संस्थेत टाइपरायटर धडधडत होते. भाईदास पाठमोरे उभे राहून कुणाची तरी स्पीड तपासत होते. सुकदेव भिंतीजवळच्या बाकावर बसले. कुणी 'या' म्हटलं नाही. कुणी पाणी विचारलं नाही. भाईदास त्यांच्या पुढून कागदांचा गठ्ठा घेऊन गेले, परत आले, त्यांच्या गुडघ्याला अडखळले आणि "बाजूले सरका" म्हणून पुढे गेले. सुकदेवांना मनापासून बरं वाटलं. एक तुकडी सुटली, दुसरी आली. बसल्या बसल्या त्यांना उमगलं की माणूस 'काहीच करत नाही' तेव्हा तो किती करत असतो. पडद्यावर ते तीन शब्दांत येतं.

अखेर मशीनं थांबली आणि भाईदासांना बाकावर दाजी दिसले. ते एकदम दचकले.

"आठे काय करी ऱ्हायनात?"

"काहीच नाही," सुकदेव म्हणाले. "बसलोय."

 भाईदासांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. सुकदेवांनी जीवरामभाऊंचं सगळं सांगितलं, रेडिएटरसकट. भाईदास इतके हसले की टायपिंगला आलेल्या मुली दारातून डोकावल्या.

"लिहीत काय होता तुम्ही?" सुकदेवांनी विचारलं.

"चारच शब्द. दोन बोटेवर टाइप करस मी, दुसराले शिकाडस तरी." ते दुसरीकडे बघत म्हणाले, "आखाजीले तुले लेवाले येसू."

आखाजीच्या आदल्या दिवशी सुकदेव सकाळपासून फाटकापाशी स्टूल टाकून बसले होते. कम्प्युटर बंद. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी "या, बसा" म्हटलं, त्यात एक भंगारवालाही होता. भाईदास आले आणि पायरीपाशी थांबले. शब्द म्हणजे शब्द. तेव्हा जीवरामभाऊंनी आपल्या घरची दाराची जुनी फळी आणून रस्त्यापासून ओसरीपर्यंत टेकवली. भाईदास फळीवरून, दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत आत आले. पायरीला त्यांचा पाय लागला नाही, हे यशोदाबाईंनी वाकून बघितलं. मग त्यांच्या हातात एकाच वेळी तिघांनी पाणी दिलं.

सुनंदाबाई गेल्या. घर सुनं झालं. झोक्याची गाणी गल्लीत नव्हती, कारण सगळ्याच माहेरी होत्या. दुपारी सुकदेवांनी सवयीनं कम्प्युटर लावला. आता तिन्हीकडची चूक दुरुस्त होती. जो दिसेल तो खरोखर बसलेला असणार होता. लाइन एक रिकामी. लाइन तीन रिकामी. मग मधली ओळ उजळली: लाइन दोन, सुनंदा, धुळे, काहीच करत नाहीत.

सुकदेव तसेच बसून राहिले. काही लिहावं असं त्यांना वाटलं नाही. यशोदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दिवा कळत होता.

"कोन शे?"

"सुनंदा."

"काय करी ऱ्हायनी?"

"काहीच नाही."

यशोदाबाईंनी हातातला चहाचा कप कीबोर्डशेजारी ठेवला. "मंग बसू दे तिले," त्या म्हणाल्या.